आगगाडी खेळण्यातली, घाम खरा

खेळण्यातली आगगाडी आवडत नाही असे मूल विरळाच. चावी दिली, रुळावर ठेवली की ती गोल गोल धावते आणि मूल टाळ्या पिटते. ती गाडी कुणी बनवली, रंग कुणी दिला, चाके कुणी बसवली, हे त्या वयात कुणी विचारत नाही. मोठ्यांनी मात्र विचारले पाहिजे. खेळण्याच्याही मागे कारखाना असतो, भोंगा असतो, पाळी असते, पगाराचा दिवस असतो. आणि एखाद्या दिवशी फाटकाला लागलेले कुलूपही असते. अशाच एका कारखान्याची हकिकत आज वाचक बंधुभगिनींना सांगावी असे आमच्या मनात आहे. कारखाना आपल्याकडचा नाही. तो इंग्लंडमध्ये, लिव्हरपूल या बंदराच्या शहरात, बिन्स रोड नावाच्या रस्त्यावर होता. तिथे तयार होणाऱ्या आगगाड्यांचे नाव हॉर्नबी.

हे नाव आमच्या घरात आले ते आईच्या तोंडून. वडील रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमध्ये फिटर होते. ते खऱ्या डब्यांची दुरुस्ती करीत. आम्हा भावंडांची आगगाडी मात्र काड्यापेट्यांची. सोड्याच्या बाटलीची बुचे ही तिची चाके आणि तोंडाने वाजवलेली शिट्टी हेच तिचे इंजिन. आई दादरला एका घरी धुण्याभांड्याला जाई. त्या घरात काचेच्या कपाटात एक हिरवे इंजिन आणि तीन डबे मांडून ठेवलेले होते. एका संध्याकाळी आईने त्याचे वर्णन सुरू केले. "अगदी खऱ्यावाणी हाय. चाकाला बारकी बारकी दांडीसुद्धा हाय." वडिलांनी जेवता जेवता एवढेच विचारले, "बनावट कुठली?" दुसऱ्या दिवशी आईने त्या घरातल्या मुलाकडून नाव विचारून घेतले. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. म्हणून विसरू नये यासाठी ती वाटभर "हारनबी, हारनबी" असे पुटपुटत घरी आली.

पुढे आम्ही कमावते झालो तेव्हा फोर्टच्या फूटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात 'मेकॅनो मॅगझिन' या इंग्रजी मासिकाचे काही अंक मिळाले. हे मासिक त्याच कारखान्याचे. इंग्रजी अडखळत वाचत गेलो आणि या कारखान्याच्या इतिहासाची आम्हाला गोडी लागली ती कायमची.

हा कारखाना काढणारा फ्रँक हॉर्नबी हा काही पिढीजात कारखानदार नव्हता. इंजिनीअरही नव्हता. त्याचा जन्म १८६३ सालचा, लिव्हरपूलचाच. वडिलांचा किराणा मालाचा व्यापार. सोळाव्या वर्षी शाळा सोडून पोरगा वडिलांच्या पेढीवर रोखपाल झाला. १८९९ साली वडील वारले, धंदा बंद पडला आणि हॉर्नबी डेव्हिड एलियट नावाच्या मांस आयात करणाऱ्या व्यापाऱ्याकडे हिशेबनीस म्हणून नोकरीला लागला. घरी दोन मुलगे. त्यांच्यासाठी तो पत्र्याच्या पट्ट्या हाताने कापी आणि त्यांना अर्ध्या अर्ध्या इंचावर सारखी भोके पाडी. त्या पट्ट्या नटबोल्टने जोडून बापलेक कधी पूल उभा करीत, कधी यारी, कधी गाडा.

यातली खुबी त्या सारख्या अंतरावरच्या भोकांत होती. सगळी भोके एकाच मापाने असल्यामुळे कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीला जोडता येई. आज जी पट्टी पुलाच्या कामी आली, तीच उद्या यारीचा हात होई. खेळणे मोडले म्हणून रडायचे नाही, ते मोडायचे आणि दुसरे बांधायचे. हॉर्नबीला वाटले, हे विकता येईल. परंतु पेटंट घ्यायला पैसे कुठे होते? त्याने मालकाकडून, म्हणजे एलियटकडून, पाच पौंड उसने घेतले आणि १९०१ साली पेटंटसाठी अर्ज केला. पुढे एलियट त्याचा भागीदार झाला. १९०२ पासून हे संच बाजारात विकले जाऊ लागले. १९०७ साली त्याला 'मेकॅनो' हे नाव मिळाले, १९०८ साली कंपनी उभी राहिली आणि १९१४ साली बिन्स रोडवर मोठा कारखाना सुरू झाला.

आगगाड्या आल्या त्या पहिल्या महायुद्धानंतर. त्याआधी इंग्लंडमधल्या मुलांच्या हातातली पत्र्याची गाडी बहुधा जर्मनीहून येई. न्युरेंबर्गची बिंग कंपनी, गोपिंगनची मेर्कलिन कंपनी, ही त्या धंद्यातली मोठी नावे. युद्धामुळे तो माल थांबला आणि युद्ध संपल्यावरही इंग्रज गिऱ्हाइकाला जर्मन माल घरात नको होता. मोकळी झालेली जागा हॉर्नबीने हेरली. १९२० साली 'हॉर्नबी ट्रेन' आली. ती चावीची होती. चावी फिरवली की आतली स्प्रिंग आवळली जाई आणि सोडली की चाके फिरत. पहिली गाडी मेकॅनोच्याच रीतीने नटबोल्टने जोडलेली होती. मुलाला ती सुटी करून पुन्हा बांधता येई. रुळांची रुंदी ३२ मिलिमीटर. १९२५ साली विजेची गाडी आली. हॉर्नबीच्या गाड्यांवर 'ब्रिटिश आणि खात्रीच्या' असा शिक्का मिरवला जाई. मोडली तर दुरुस्तीला कारखान्यात पाठवता येई, हा त्या खात्रीचा भाग.

लिव्हरपूल हे गोदी कामगारांचे शहर. जहाज आले तर काम, नाही तर दिवस खाडा. अशा शहरात चार भिंतींच्या आतली, आठवड्याच्या आठवड्याला पगार देणारी नोकरी म्हणजे मोठा आधार. बिन्स रोडने तो आधार शेकडो घरांना दिला आणि त्यात बायकामुलींचा वाटा फार मोठा होता. पत्रा दाबणारी यंत्रे, रंगाच्या भट्ट्या, जोडणीची टेबले, डबे भरण्याचा विभाग, असे त्या कारखान्याचे काम चाले. इवलेसे चाक आसात बसवायचे, नखाएवढा हूक अडकवायचा, इंजिनाच्या कडेने बारीक रेघ ओढायची, ही कामे बायकांच्या हातची. हात थरथरला तर रेघ चुकली आणि रेघ चुकली तर माल परत. नाताळ हा खेळण्यांच्या विक्रीचा मुख्य हंगाम. त्याआधीचे महिने कारखान्यात नुसती धांदल असे.

आता यातली एक गोष्ट आम्हाला नेहमी टोचते. या मालाच्या जाहिरातीत लिहिलेले असे, 'मुलांसाठी इंजिनीअरिंग'. मुलांसाठी म्हणजे मुलग्यांसाठी. डब्याच्या झाकणावरच्या चित्रात यंत्राशी खेळणारे ते मुलगेच. म्हणजे ज्या बाईने हजारो इंजिने आपल्या बोटांनी जोडली, तिच्या मुलीला इंजिनाशी खेळण्याचे आमंत्रण नव्हते. बाई इंजिन जोडू शकते हे कारखान्याला माहीत होते, कारण त्यावरच त्याचा धंदा चालला होता. तरी झाकणावरचे चित्र तेच राहिले.

दुसरी गोष्ट किमतीची. १९३७ साली हॉर्नबीने 'प्रिन्सेस एलिझाबेथ' नावाचे मोठे विजेचे इंजिन काढले. खास लाकडी पेटीत घालून ते विकत. किंमत पाच गिनी, म्हणजे एकशे पाच शिलिंग. त्या काळच्या साध्या कामगाराच्या आठवड्याच्या पगारापेक्षा ही रक्कम जास्त होती. इंजिन जोडणाऱ्या घरात ते इंजिन जाणे कठीणच. अर्थात स्वस्त चावीच्या गाड्याही त्याच कारखान्यात होत आणि १९३४ पासून 'डिंकी टॉइज' या नावाने छोट्या ओतीव मोटारी निघू लागल्या, त्या खिशातल्या चिल्लर पैशांत येत. गरिबाच्या पोराच्या वाट्याला आली ती डिंकीची मोटार.

हिशेबनीस हॉर्नबी मात्र चांगलाच श्रीमंत झाला. १९३१ साली तो लिव्हरपूलच्या एव्हर्टन मतदारसंघातून हुजूर पक्षातर्फे पार्लमेंटवर निवडून गेला. १९३६ साली तो वारला आणि त्याचा मुलगा रोलंड याच्याकडे कारभार आला. हॉर्नबीच्या कल्पकतेला आणि चिकाटीला आम्ही कमी लेखत नाही. शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाने पाच पौंड उसने घेऊन एवढे उभे केले, ही शिकण्यासारखीच गोष्ट आहे. परंतु अशा गोष्टी सांगताना लोक पाच पौंडांपाशी सुरू करतात आणि पार्लमेंटपाशी थांबतात. पुढची चाळीस-पन्नास वर्षे कुणी सांगत नाही. आमच्या मते खरा धडा तिथे आहे.

१९३८ साली कारखान्याने एक नवी लहान गाडी काढली. तिच्या मापाला इंग्रजीत 'डबल ओ' म्हणतात, त्यावरून तिचे नाव ठेवले 'हॉर्नबी डब्लो'. रुळाची रुंदी साडेसोळा मिलिमीटर. जुनी गाडी मांडायला दिवाणखाना लागे, ही टेबलावर मावे. लहान घरात राहणाऱ्यांसाठी ही सोय मोठी होती. पण लगेच दुसरे महायुद्ध आले. १९४२ साली सरकारने धातूची खेळणी बनवण्यावर बंदी घातली आणि बिन्स रोडची यंत्रे युद्धाच्या सामानाला जुंपली गेली. युद्ध संपल्यावर डब्लो पुन्हा सुरू झाली आणि काही वर्षे तिला मागणी इतकी होती की माल पुरत नसे.

याच भरभराटीच्या दिवसांत कारखाना मागे पडायला लागला. कसा, ते समजून घेण्यासारखे आहे.

विजेला जायला एक वाट लागते आणि परत यायला एक. डब्लोच्या रुळांत मध्ये एक तिसरा रूळ होता. त्यातून वीज इंजिनात शिरे आणि कडेच्या रुळांतून परत जाई. रचना भक्कम आणि बिनतक्रार. परंतु खऱ्या आगगाडीला दोनच रूळ असतात आणि मुलांच्या डोळ्यांना तो मधला तिसरा रूळ खुपू लागला. दोनच रूळ ठेवायचे तर एकातून वीज जाणार आणि दुसऱ्यातून येणार. मग डाव्या आणि उजव्या चाकांचा एकमेकांशी विजेचा संबंध येता कामा नये, नाहीतर तिथेच शॉर्ट. त्यासाठी चाक आणि आस यांच्यामध्ये वीज अडवणारे काहीतरी हवे. आणि या कामाला एक नवीन, स्वस्त वस्तू तेव्हा बाजारात आली होती. ती म्हणजे प्लॅस्टिक.

१९५० सालच्या नाताळात मार्क्स अँड स्पेन्सर या दुकानांत रोव्हेक्स नावाच्या लहानशा कंपनीची आगगाडी विकायला आली. इंजिन प्लॅस्टिकचे, रूळ दोन. इंजिनाचे नाव काय, तर 'प्रिन्सेस एलिझाबेथ'! तेरा वर्षांपूर्वी जी राजकन्या लाकडी पेटीत पाच गिनींना मिळत होती, ती आता प्लॅस्टिकच्या अवतारात साध्या दुकानात आली. पुढच्याच वर्षी लाइन्स ब्रदर्स या बड्या खेळणी कंपनीने रोव्हेक्स विकत घेतली. लाइन्स म्हणजे रेघा. तीन भाऊ म्हणजे तीन रेघा, आणि तीन रेघांचा होतो त्रिकोण. म्हणून त्यांच्या मालाचे नाव 'ट्राय-अँग'. १९५४ साली त्यांनी केंट परगण्यात मार्गेट या समुद्रकाठच्या गावी गाड्यांसाठी नवा कारखाना बांधला.

ट्राय-अँगची गाडी हॉर्नबीइतकी वजनदार नव्हती. ओतीव धातूचा थंड, जड स्पर्श तिला नव्हता. पण ती स्वस्त होती, दोन रुळांवर धावत होती आणि जिथे हॉर्नबी जात नव्हती तिथे, म्हणजे कामगाराच्या घरात, ती जात होती. बिन्स रोडने याची दखल फार उशिरा घेतली. त्यांची दोन रुळांची डब्लो आली १९५९ साली. तोवर ज्यांच्याकडे तीन रुळांचा संच होता त्यांना सोडता येईना आणि नव्यांना जुने नको होते. दोन्ही प्रकारचा माल बनवायचा म्हणजे खर्च दुप्पट. त्यात टेलिव्हिजन आला, विजेवर शर्यत खेळणाऱ्या मोटारी आल्या. वाफेची इंजिने तर खऱ्या रुळांवरूनच नाहीशी होत चालली होती. १९६८ साली ब्रिटिश रेल्वेने ती कायमची बंद केली. रोज डोळ्यांसमोर धावणारे इंजिन पाहून मुलाला खेळण्यातले हवेसे वाटते. डोळ्यांसमोरचे गेले तशी ओढही ओसरली.

इथे आमच्या वडिलांची एक आठवण सांगतो. हा सारा वृत्तांत आम्ही त्यांना रविवारी वाचून दाखवला, तेव्हा ते म्हणाले, "तिथल्या फिटरला हे आधीच समजलं असणार. ज्याच्या हाताखालून माल जातो त्याला मालाची दुखणी पहिली कळतात. पण त्याला विचारतो कोण?" बिन्स रोडच्या कामगारांना कुणी विचारले होते की नाही ते आम्ही सांगू शकत नाही. तीन रुळ ठेवायचे की दोन, प्लॅस्टिक घ्यायचे की धातू, हे ठरले वरच्या दालनात. त्याचे परिणाम भोगले ते मात्र खालच्या मजल्यांनी.

१९६४ साली लाइन्स ब्रदर्सने मेकॅनो कंपनी विकत घेतली. मग जे झाले ते पाहण्यासारखे आहे. बिन्स रोडची डब्लो बंद करण्यात आली आणि मार्गेटच्या प्लॅस्टिकच्या गाड्यांना १९६५ पासून 'ट्राय-अँग हॉर्नबी' असे नाव देण्यात आले. म्हणजे हरलेल्याची गाडी गेली आणि नाव जिंकलेल्याच्या गाडीवर चढले! लिव्हरपूलमध्ये उरले मेकॅनोचे संच आणि डिंकीच्या मोटारी. या उलाढालीचा एक धागा आपल्या देशातही पोहोचला. डिंकीचे काही जुने साचे साठच्या दशकाच्या अखेरीस कलकत्त्याला आले आणि त्यांतून निघालेल्या मोटारी 'निकी टॉइज' या नावाने विकल्या गेल्या.

जिंकलेलाही फार काळ टिकला नाही. १९७१ साली लाइन्स ब्रदर्स स्वतःच कोसळली. मोडीत निघालेल्या घरातली भांडी वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना जावीत तसे झाले. बिन्स रोड, मेकॅनो आणि डिंकी गेले एअरफिक्स कंपनीकडे. मार्गेटच्या आगगाड्या गेल्या डनबी-कॉम्बेक्स-मार्क्स या कंपनीकडे, आणि १९७२ पासून त्यांचे नाव झाले 'हॉर्नबी रेल्वेज'. ज्या नावाचा जन्म लिव्हरपूलचा, त्याचा लिव्हरपूलशी संबंध उरला नाही.

३० नोव्हेंबर १९७९ हा बिन्स रोडचा शेवटचा दिवस. तो शुक्रवार होता. नाताळ तोंडावर आलेला. एअरफिक्सने कारखाना बंद केल्याचे जाहीर केले आणि जवळपास नऊशे माणसे एका दिवसात बेकार झाली. आधी पुरेशी सूचना नाही की तयारीला वेळ नाही. तोट्याचा हिशेब मालकांनी पुढे केला. तोटा होताही. पण कामगारांनी तो हिशेब मुकाट्याने घेतला नाही. त्यांनी कारखान्यात ठिय्या दिला. यंत्रे बाहेर नेऊ द्यायची नाहीत, काम परत मिळवायचे, या जिद्दीने ते कित्येक आठवडे आत बसून राहिले. तरी कारखाना पुन्हा सुरू झाला नाही. पुढे ती इमारतही पाडली गेली.

हे वाचले तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे आमचे थोरले काका उभे राहिले. ते परळच्या एका गिरणीत विणखात्यात होते. चार साचे सांभाळायचे. १९८२ च्या संपानंतर त्यांची गिरणी काही पुन्हा धड चालली नाही. फाटकावर नोटीस लागली. काका बरेच दिवस नेहमीच्या वेळी डबा घेऊन घराबाहेर पडत आणि कोपऱ्यावरच्या पारावर बसून येत. काकूंना ते माहीत होते, तरी त्या रोज डबा भरून देत. दोघांनी त्याबद्दल कधी शब्द काढला नाही. काकांनी गिरणीतून एक लाकडी धोटा घरी आणला होता. पाहुणे आले की तो हातात देऊन ते सांगत, सूत कसे भरायचे, तुटलेला धागा कसा जोडायचा, साच्याच्या आवाजावरून बिघाड कसा ओळखायचा. ऐकणारे कंटाळत. काका वारले आणि ते आवाजाचे ज्ञान त्यांच्यासोबत गेले. धोटा तेवढा राहिला.

लिव्हरपूल आणि परळ यांत सात समुद्रांचे अंतर आहे. मालही निराळा, भाषाही निराळी. परंतु दोन्हीकडे एक गोष्ट सारखी दिसते. कारखाना बंद होतो तेव्हा जमिनीला गिऱ्हाईक मिळते, यंत्राला मिळते, नावालाही मिळते. वीस-वीस वर्षे एकच काम करून बोटांत मुरलेल्या कौशल्याला तेवढे गिऱ्हाईक मिळत नाही. ते कामगाराबरोबर घरी परत येते आणि पारावर बसते.

नावाची पुढची कहाणी तर नवलाचीच आहे. १९८० साली डनबी-कॉम्बेक्स-मार्क्स बुडाली. १९८१ साली बिन्स रोडला कुलूप लावणारी एअरफिक्सही बुडाली. हॉर्नबी हे नाव मात्र प्रत्येक वेळी पाण्यावर तरंगत राहिले. मार्गेटच्या कारखान्याची 'हॉर्नबी हॉबीज' ही नवी कंपनी झाली. नव्वदच्या दशकात तिने गाड्या बनवण्याचे काम चीनमध्ये हलवले आणि मार्गेटच्या कामगारांवरही तीच पाळी आली. चीनमध्ये मजुरी स्वस्त. त्यामुळे एकेका इंजिनावर जास्त हात, जास्त बारकावा, जास्त रंगकाम परवडू लागले. गाड्या पूर्वीपेक्षा सुबक झाल्या. ग्वांगडाँग प्रांतातल्या खेळण्यांच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बहुतेक खेड्यातून आलेल्या तरुण मुली. म्हणजे रेघ ओढणारा हात पुन्हा बाईचाच. देश तेवढा बदलला. पुढे २००६ साली याच हॉर्नबी कंपनीने एअरफिक्सचे नाव विकत घेतले आणि नंतरच्या वर्षांत एअरफिक्सचे काही संच आपल्या भारतातही तयार होऊ लागले. मेकॅनोचे नाव फिरत फिरत कॅनडातल्या एका कंपनीकडे गेले. फ्रान्समध्ये कॅले येथे १९५९ पासून मेकॅनोचा कारखाना होता. तोही बंद करायचे २०२३ साली जाहीर झाले.

बिन्स रोडच्या जुन्या गाड्यांना आज लिलावात चढे भाव मिळतात. हौशी लोक भिंग लावून पाहतात, कोणत्या साली रंगाची छटा कशी होती, अक्षरे कोणत्या बाजूला होती. यावर जाडजूड पुस्तके निघाली आहेत. कोणते इंजिन कोणत्या महिन्यात बाजारात आले ते त्यांत सापडते. ती रेघ ओढणाऱ्या बाईचे नाव सहसा सापडत नाही. तिला रोज किती इंजिने रंगवावी लागत, डोळे केव्हा दुखू लागत, घरी मुलांना कुणाजवळ ठेवून ती येई, हे लिहून ठेवण्यासारखे आहे असे त्या काळी फारसे कुणाला वाटले नाही.

म्हणून या हकिकतीतून आम्ही दोन गोष्टी घेतल्या आणि त्याच वाचकांपुढे ठेवतो. पहिली मुलांच्या खेळण्याची. आपल्या बाजारात आजही भोके पाडलेल्या पट्ट्यांचे आणि नटबोल्टचे संच मिळतात. 'मेकॅनिक्स' नावाचा असा एक संच आम्ही नातीला आणला. शेजारच्या बाई म्हणाल्या, "अहो, हा तर मुलाचा खेळ." नातीने तीन दिवसांत यारी उभी केली, चौथ्या दिवशी मोडली आणि त्याच पट्ट्यांची गाडी बांधली. महागडी आगगाडी कपाटात राहते. पाना आणि नटबोल्ट हातात राहतात. ते मुलाच्या हातात द्या आणि मुलीच्या हातातही द्या.

दुसरी गोष्ट घरातल्या थोरल्या माणसांची. आपल्या प्रत्येक घरात असा कुणीतरी आहे, ज्याने आयुष्यभर एक काम केले. कुणी रेल्वेत रिव्हेट मारले, कुणी गोदीत गोणी वाहिल्या, कुणी छापखान्यात खिळे जुळवले, कुणी बिड्या वळल्या. आईने परक्याच्या घरी भांडी घासली, तेही काम आणि त्याचीही एक रीत. कारखान्याचे नाव राखायला विकत घेणारे मिळतात. या माणसांचे काम राखायला आपल्यावाचून कुणी नाही. शाळेत जाणाऱ्या मुलाला एक वही द्या आणि आजोबांजवळ, आजीजवळ बसवा. कामावर किती वाजता जात होतात, पहिल्या दिवशी काय शिकलात, हत्याराचे नाव काय, चूक कशी ओळखायची, पगार किती होता, साहेब काय म्हणाला, तुम्ही काय उत्तर दिलेत, असे एकेक विचारून लिहून घेऊ द्या. आठवड्याला एक पान झाले तरी वर्षात बावन्न पाने होतात. वहीच्या पहिल्या पानावर मात्र त्या माणसाचे पूर्ण नाव स्वच्छ अक्षरात लिहायला विसरू नका.